हे ऊन कोणत्या गावचं?

नाशिकच्या एका आर्किटेक्टकडे दोन वर्षं काम करणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. इमारतीचं त्रिमित मॉडेल स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये करतो, आणि त्यावरून खरं वाटेल असं चित्र, म्हणजे रेंडर, व्ही-रेमध्ये. मॉडेलिंगवर हात बसलाय, मटेरियलची लायब्ररी पैसे मोजून घेतलीय, तरी साहेब म्हणतात, "चित्रात जीव नाही, सगळं प्लॅस्टिक दिसतंय." मग रेंडर इंजिन बदलावं का, नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, की आता एआय आलंच आहे म्हणून हा नादच सोडावा? सोबत तीन चित्रं आहेत: गंगापूर रोडवरच्या सातमजली इमारतीचं दर्शनी चित्र, गोदाकाठच्या एका चौकाचं सुशोभीकरण, आणि ब्रोशरसाठी केलेली टू बीएचकेची बेडरूम.

कार्ड घेऊ नका. या कारणासाठी तरी नकोच.

तिन्ही चित्रं मी मोठी करून बघितली. मॉडेलिंग खरंच नीटनेटकं आहे, खिडकीची चौकटसुद्धा भिंतीत आत बसवलीय, जी बरेच जण बाहेरून चिकटवतात. बिघाड रेंडरचं बटण दाबायच्या कितीतरी आधी झालाय. पहिल्या चित्रात आकाश भर दुपारचं, पांढरंशुभ्र, आणि शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीची सावली भिंतीच्या तिप्पट लांब. हे ऊन नाशिकचं नाही. फुकट मिळालेल्या एखाद्या एचडीआरआयमधून, म्हणजे चित्राला उजेड देणाऱ्या आकाशाच्या तयार फोटोमधून, आलेलं असणार, युरोपातल्या कुठल्या तरी माळावर टिपलेलं.

जरा हिशेब करून पाहा. नाशिक २० अक्षांशावर आहे. वर्षातला सर्वांत खाली असलेला माध्यान्हीचा सूर्य, म्हणजे २२ डिसेंबरचा, तोही तुमच्याकडे साडेशेहेचाळीस अंश वर असतो. १० मीटर उंच भिंतीची सावली त्या दुपारी साडेनऊ मीटर पडेल. त्याच दिवशी त्याच वेळी लंडनमध्ये सूर्य १५ अंशांवर, आणि तीच सावली ३७ मीटर. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच. तिप्पट लांब सावली नाशकात पडते ती सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, आणि तेव्हाचं ऊन पिवळं असतं, पांढरं नाही. बघणाऱ्याला हे गणित येत नसतं. पण त्याने तीस-चाळीस वर्षं आपल्याच उन्हात काढलेली असतात, त्यामुळे कुठेतरी त्याला खटकतं. ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून साहेब म्हणतात "प्लॅस्टिक".

आता दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय की इमारत उत्तराभिमुख आहे. चित्रात तिच्या तोंडावर समोरून झगझगीत ऊन आहे. उत्तरेच्या भिंतीवर सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. उन्हाळ्यात येतं, पण तेही तिरकं, सकाळ-संध्याकाळ. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून साधारण २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो, तेवढंच मावळतानाही. मग तुमच्यापुढे तीन खरे पर्याय उरतात. एक, तोंड सावलीतच ठेवा आणि वरचं आकाश उजळ ठेवा, भिंतीवर निळसर मऊ उजेड येऊ द्या. दोन, सूर्य मावळल्यानंतरची वेळ घ्या, घरातले दिवे आणि बाहेरचं आकाश एकाच तोलाचं असतं तेव्हाची. आपल्याकडे संधिप्रकाश झटपट सरतो, वीसेक मिनिटांत खेळ आटोपतो. तीन, मेअखेरीची सकाळ, साधारण सव्वासात. ऊन ईशान्येकडून भिंतीला घासत येतं आणि प्रत्येक छज्जा, प्रत्येक पट्टी, विटेचा प्रत्येक सांधा बारीक सावली टाकतो. मी तिसरा घेतला असता. तुमच्या साहेबांनी त्या दर्शनी बाजूवर उभ्या पट्ट्यांचं जे काम केलंय ते समोरच्या उन्हात सपाट झालंय, सव्वासातच्या उन्हात ते जिवंत होईल. आणि यासाठी काही विकत घ्यायला लागत नाही. स्केचअपमध्ये ठिकाण घाला, उत्तर दिशा बरोबर फिरवा, तारीख-वेळ टाका. उत्तर दिशा फिरवायची राहिली हा या धंद्यातला सर्वांत सार्वत्रिक गुन्हा आहे.

हे मी शहाणपणाने शिकले असं नाही, मार खाऊन शिकले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका उपनगरातल्या प्रकल्पाचं होर्डिंग केलं होतं. बाल्कन्यांवर केशरी संध्याकाळ, घराघरात दिवे, खाली हिरवळीवर पोरं खेळतायत. बिल्डर खूश, मीही खूश. साइट ऑफिसमध्ये भूगोलाचे एक निवृत्त मास्तर आले. नकाशा मागितला, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "बाई, ही बाजू पूर्वेची ना? मग हा सूर्य उगवतोय की मावळतोय?" सेल्सवाला पटकन म्हणाला, "उगवतोय, सर." मास्तर म्हणाले, "मग पहाटे सहाला ही पोरं इथे काय करतायत, आणि घराघरात दिवे का?" उत्तर नव्हतं. त्यांनी बुकिंग केलं नाही. ते होर्डिंग चौकात आणखी चार महिने होतं आणि मी तेवढे चार महिने दुसऱ्या रस्त्याने जात होते.

तेव्हापासूनचा माझा क्रम ठरलेला आहे. काम आलं की आधी साइट. मोबाइल पुरतो. चारही दिशांचे फोटो, उभं राहिलेल्या जागेची खूण, शेजारच्या इमारतीचे मजले मोजून ठेवायचे, रस्त्याची रुंदी पावलांनी, विजेचा खांब कुठे, कोणतं झाड कुठे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ज्या प्रकल्पाला मी साइटवर गेले नाही त्याचं चित्र माझ्याकडून कधी बरं झालेलं नाही.

आता कॅमेरा. तुमच्या पहिल्या चित्रात क्षितिजरेषा पहिल्या मजल्याच्या स्लॅबवरून जाते. म्हणजे बघणारा माणूस साडेतीन-चार मीटरवर तरंगतोय. कशावर उभा आहे तो, टँकरवर? आणि त्याच चित्रात तुम्ही माणसं टाकलीत, त्यातली तिघं तर क्षितिजाच्या वर डोकं काढून आहेत, म्हणजे ती बारा-तेरा फुटी झाली. नियम साधा आहे, आमच्या वेळी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी करतानाच डोक्यात बसायचा: जमीन सपाट असेल आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दीड-एक मीटरवर असेल, तर जवळच्या-लांबच्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे एकाच रेषेवर येतात. क्षितिजाच्या रेषेवर. माणूस लांब गेला की त्याचे पाय वर सरकतात, डोकं जागचं हलत नाही. लहान मूल खाली, ओट्यावर उभा असलेला वर. माणसांची कटआउट, म्हणजे फोटोतून कापलेल्या आकृत्या, टाकताना ही एक रेष आखून ठेवा, अर्धी कृत्रिमता तिथेच गळून पडते.

लेन्सचंही तेच. तुम्ही १८ मिलिमीटर ठेवलीय, म्हणजे आडवा आवाका ९० अंश. इमारतीचा जवळचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतो तो त्यामुळे. इमारतीच्या बाहेरून मी शक्यतो ३५ ला जाते, ५४ अंश. जागाच अरुंद असेल, पेठेतल्या बोळासारखी, तर २४. त्याखाली नाही. सात मजले बसत नाहीत म्हणून कॅमेरा वर करू नका, उभ्या रेषा आत झुकतात. कॅमेरा सरळ ठेवून व्हर्टिकल शिफ्ट वापरा, म्हणजे कॅमेरा न वळवता चौकट वर सरकवा, किंवा चौकट उंच घेऊन खालचा रस्ता कापा.

मी १९९६ साली या कामात आले तेव्हा हेच सगळं हाताने होतं, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही इतकंच. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, बोर्डात मावायचा नाही. मग शेजारच्या भिंतीत खिळा ठोकून त्याला दोरा बांधायचा आणि तो दोरा ताणून प्रत्येक रेष काढायची. दुपारी कोणी चहा घेऊन आत आलं की दोऱ्यात अडकायचं. गेटवे शीटवर, म्हणजे ट्रेसिंगच्या कागदावर, रोट्रिंग पेनची शाई सांडली की अर्ध्या ब्लेडने हलकेच खरवडायची, जास्त खरवडलं तर कागदाला भोक. एका चित्राला पाच-सहा दिवस लागत. त्यामुळे कुठे उभं राहून बघायचं हे ठरवायलाच पहिला दिवस जायचा, कारण चुकलं तर सगळं पुन्हा. तुम्हाला एका तासात बारा व्ह्यू काढता येतात, आणि म्हणून तुम्ही एकही ठरवत नाही. हा टोमणा नाही, माझ्या ऑफिसातल्या मुलांनाही मी रोज हेच ऐकवते. त्यांना पहिला व्ह्यू कागदावर पेन्सिलीने काढून दाखवावा लागतो. वाकडातिकडा चालतो.

मटेरियलबद्दल फार लिहीत नाही, त्यावर शिकवणारे ढीगभर आहेत. चारच गोष्टी, त्याही तुमच्या चित्रात दिसल्या म्हणून. भिंतीचा पांढरा रंग तुम्ही पूर्ण पांढरा ठेवलाय. ताजा रंगवलेला पांढरा डिस्टेंपरसुद्धा उजेडातला साधारण ८० टक्केच परत फेकतो. पूर्ण पांढऱ्यावर सावलीला जागाच उरत नाही. डांबर काळं ठेवलंय, ते करडं असतं, आणि पावसाळ्यानंतर खडी उघडी पडून आणखी फिकं. कोपरे सुरीसारखे आहेत. गवंड्याने काढलेली धार कितीही ओळंब्यात असली तरी तीन-चार मिलिमीटर गोल असते आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ चमकते. तेवढी गोलाई द्या. आणि काचा. दिवसा बाहेरून बघताना खिडकीत घर दिसत नाही, आकाश दिसतं किंवा काळोख. तुमच्या इमारतीत भर दुपारी सगळ्या हॉलमधली झुंबरं रस्त्यावरून दिसतायत.

झाडं. तुम्ही मेपल लावलाय. गंगापूर रोडवर. लायब्ररीत आधी येतो म्हणून घेतला असणार, मला कळतं, पण वडाच्या पारंब्या, रेन ट्रीची छत्री, सोनमोहराचा पिवळा सडा, मेमधला गुलमोहर, हे एकदा स्वतः मॉडेल करून ठेवा किंवा फोटोतून कापून ठेवा. बहावा फुलला की पानं जवळपास नसतात आणि गुलमोहर बहरतो तेव्हा ऊन कडक असतं. झाडाने महिना सांगितला पाहिजे, आणि तो महिना सूर्याच्या महिन्याशी जुळला पाहिजे. सव्वासातचं मेमधलं ऊन घेतलंत तर गुलमोहर चालेल, बहावाही चालेल. तळमजल्याच्या दुकानांवर सगळ्या पाट्या इंग्रजी अक्षरांत आहेत. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाटी कायद्याने सक्तीची आहे, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे मराठी पाटी दिसली की चित्र लगेच आपल्या रस्त्यावर येतं.

दुसऱ्या चित्राकडे येते, कारण माझ्या मते तीनही चित्रांत तेच सर्वांत महत्त्वाचं आहे आणि तिथेच तुम्ही सर्वांत कमी विचार केलाय. एकट्या इमारतीचं चित्र बघून फार तर एक कुटुंब किंवा एक गुंतवणूकदार निर्णय घेतो. शहराच्या जागेचं चित्र बघून नगरपालिकेतले लोक, अधिकारी, आमदार निर्णय घेतात, आणि मग तिथे राहणाऱ्यांच्या वाट्याला ते येतं.

तुमच्या चित्रात फरसबंद चौक आहे, लाकडी बाक, जमिनीत बसवलेले दिवे, आइस्क्रीम खाणारं एक जोडपं, पट्टा बांधलेला कुत्रा. गोदाकाठ आहे हे मागच्या देवळाच्या शिखरावरून कळतं, एरवी हा चौक कुठेही चालेल. आता त्या जागी प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: पायऱ्यांवर वाळत टाकलेल्या साड्या, पूजासाहित्याची हातगाडी, दशक्रियेसाठी आलेली घरं, भाजीवाल्या, रिक्षा. यातलं काहीच चित्रात नाही. तुम्ही वाईट हेतूने काढलं नाही, कटआउटच्या फोल्डरमध्ये नव्हतं म्हणून राहिलं. पण चित्रात हातगाडीला जागा दिसली नाही की आराखड्यातही ती कोणाला सुचत नाही, आणि मग उद्घाटनानंतर आठवड्यात ती गाडी त्याच फरसबंदीच्या मधोमध उभी राहते आणि अतिक्रमणवाले तिच्या मागे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यांच्यासाठी जागा ठरवायच्या असतात. ती जागा ठरवायला चित्रासारखं साधन नाही. गाडी उभी करा, तिच्याभोवती गिऱ्हाईक उभं करा, मग चालायला किती उरतं ते बघा.

आणि पूर. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावर अख्खं नाशिक पूर मोजतं. तुमचे लाकडी बाक आणि जमिनीतले दिवे त्या पाण्याच्या कक्षेत येतात का, हे चित्र काढताना तुमच्या साहेबांना विचारलंत? मी असते तर दुसरं चित्र न मागता काढून दिलं असतं: हाच कोन, हाच कॅमेरा, ऑगस्ट महिना, गढूळ पाणी बाकांवरून जातंय. एक चित्र जाहिरातीला, एक चित्र मीटिंगला. दुसऱ्यामुळे साहेब रागावतील, दोन दिवसांनी बाक दगडाचे होतील.

या कामात मला दोन जुनी माणसं नेहमी आठवतात. पहिला ह्यू फेरिस. शिकला आर्किटेक्चर, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींची चित्रं काढली. न्यूयॉर्कने १९१६ साली कायदा केला की इमारत जसजशी वर जाईल तसतशी तिने मागे सरकायचं, म्हणजे रस्त्याला उजेड मिळेल. कायदा वाचून कोणालाच डोळ्यांपुढे काही येईना. १९२२ मध्ये फेरिसने हार्वे विली कॉर्बेट या आर्किटेक्टबरोबर चार टप्प्यांची चित्रं केली. पहिल्यात कायदा देतो तेवढा सगळा आकार, एखाद्या डोंगरासारखा. पुढच्यात उजेडासाठी त्यातून चर पाडलेले, मग तिरके उतार काढून पायऱ्या केलेल्या, शेवटी बांधता येईल अशी इमारत. कोळशासारख्या काळ्या पेन्सिलीने काढलेली. त्यात बारीकसारीक तपशील जवळपास नाही, तरी पुढे अमेरिकेतल्या कितीतरी उंच इमारती तशा दिसायला लागल्या. आपल्याकडे युनिफाइड डीसीपीआर या बांधकाम नियमावलीतली मोकळ्या जागांची आणि उंचीची कलमं वाचून सोसायटीच्या मेंबरांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते मी पुनर्विकासाच्या अनेक बैठकांत पाहिलेत. तिथे चकचकीत रेंडर नको असतं. पांढऱ्या ठोकळ्यांची चार चित्रं हवी असतात: नियम एवढं देतो, शेजारच्याचा उजेड एवढा अडतो, खालचा पार्किंगचा ठोकळा, म्हणजे पोडियम, एवढा, उरली ती इमारत. एका बैठकीत एक आजी शेवटपर्यंत गप्प होत्या. ठोकळ्याचं चित्र बघून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात आता दुपारीही दिवा लावायचा." आर्किटेक्टने डक्टची, म्हणजे हवा-उजेडासाठी सोडलेल्या उभ्या पोकळीची, जागा बदलली. त्या आजींना मी रेंडर दाखवलं असतं तर त्या "छान आहे" म्हणून घरी गेल्या असत्या.

दुसरा गॉर्डन कलन, इंग्लंडचा. १९६१ च्या त्याच्या 'टाउनस्केप' या पुस्तकात त्याने एक युक्ती दाखवली. नकाशावर चालण्याची एक रेष, त्या रेषेवर ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावरून जे दिसतं त्याचं छोटंसं रेखाचित्र. ओळीने बघत गेलं की आपण चालतोय असं वाटतं: भिंत, वळण, अचानक उघडलेला चौक. त्याच्यासाठी शहर म्हणजे हेच, एकामागून एक दिसणं. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरताना दर तीस पावलांवर थांबून एक पाच मिनिटांचं स्केच करा. आठ-दहा होतील. तुमचा चौक त्यातल्या कितव्या स्केचमध्ये दिसायला लागतो, आणि पाणी आधी दिसतं की तुमचा दिव्याचा खांब, हे त्यात कळेल. ड्रोनच्या उंचीवरून काढलेल्या चित्रात ते कधी कळत नाही, कारण त्या उंचीवरून फक्त घारी शहर बघतात आणि त्या कर भरत नाहीत.

तिसरं चित्र, बेडरूम. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. खोली १० बाय ११ आहे, फरशी दोन बाय दोन फुटांची आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मी फरश्या मोजल्या. पलंगाच्या लांबीखाली अडीच फरश्या भरतात. म्हणजे पलंग पाच फूट लांब. झोपणार कोण, बालवाडी? बाजारात मिळणारा डबल बेड सव्वासहा बाय पाचचा असतो. तो १० फुटांच्या दिशेत ठेवला की उरतात पावणेचार फूट. समोर दोन फूट खोल कपाट. राहिले पावणेदोन. कपाटाचं दार दीड फुटाचं असेल तर ते उघडून माणसाने उभं कुठे राहायचं? चित्रात मात्र तिथे आरामखुर्ची आहे, गालिचा आहे आणि नाचायला जागा उरलीय. वर १८ ची लेन्स, त्यामुळे लांबची भिंत आणखी लांब.

फर्निचर ८० टक्क्यांवर आणायची ही युक्ती तुम्ही शोधलेली नाही, तुम्हाला कोणीतरी सांगितली असणार. मलाही सांगितली होती आणि पहिली काही वर्षं मी केलीही. आता करत नाही, आणि त्यात नुसता साधेपणाचा आव नाही. घरखरेदीदारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सरळ सांगतं की जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, भरपाई द्यायची, आणि गिऱ्हाइकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणारं महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो कोड स्कॅन करून गिऱ्हाईक चित्रासमोरच मंजूर नकाशा उघडतं. खाली बारीक अक्षरांत 'कलाकाराची कल्पना' टाकलं की आपण सुटलो, असं धरून चालू नका. जबाबदारी बिल्डरची असली तरी वाद झाला की पहिला फोन चित्र काढणाऱ्याला येतो.

त्यामुळे जाहिरातीच्या कामात माझी एक सवय आहे. काम सुरू करण्याआधी मंजूर नकाशा मागून घ्यायचा आणि एक छोटी मेल टाकायची: स्विमिंग पूल मंजूर आहे का, समोरचा मोकळा भूखंड तुमचा आहे की दुसऱ्याचा, चित्रातली फरशी आणि नळ प्रत्यक्षात देणार आहात का. उत्तर लेखी घ्यायचं. समोरचा भूखंड दुसऱ्याचा निघाला तर तिथे बाग काढायची नाही, उद्या तिथे बारा मजले उभे राहणार असतात. यावरून माझं एक काम गेलंय, एक दोनदा परत आलंय. सुंदर दाखवायला हरकत नाही. सव्वासहाचा पलंग ठेवून १० बाय ११ ची खोली छान दाखवता येते: कपाट सरकत्या दारांचं करा, खिडकीजवळ अरुंद बैठक, पडदा हलका, सकाळचं ऊन पायथ्याशी. लेन्स २४. अशी खोली बघून माणूस म्हणतो, "लहान आहे, पण बरी आहे." त्याच वाक्यावर घर विकलं जातं, आणि ताबा घेताना भांडण होत नाही.

एआयचं विचारलंत. वापरते. मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन २०२२ साली आली तेव्हा आठवडाभर झोप उडाली होती, मग काम तसंच चालू राहिलं. सुरुवातीच्या चर्चेत, आकाशाचा रंग कसा वाटेल, ओला रस्ता घ्यावा का, हे दाखवायला फार उपयोगी. पण तुमची सात मजल्यांची इमारत त्यात घातली की कधी आठ मजले परत येतात, कधी एका बाजूची खिडकी गायब, पाटीवरची देवनागरी तर कित्येकदा भुताने लिहिल्यासारखी. आणि ते चित्र कुठलंच गाव ओळखत नाही, मधल्याच कुठल्यातरी देशात उभं राहतं. जे काम आधीच कुठल्याही गावचं नव्हतं ते एआय तुमच्यापेक्षा स्वस्तात करेल, हे खरंच आहे. नाद सोडायचाच असेल तर तेवढ्या भागाचा सोडा.

ऑफिसात उद्यापासून एक करून बघा. साहेबांना रंगीत चित्र दाखवूच नका. आधी फक्त क्ले रेंडर, सगळं एका करड्या रंगात, सूर्य मात्र खरा. त्यावर व्ह्यू फायनल करून घ्या. सूर्य-सावली आणि कोन जमला असेल तर करड्या रंगातही चित्र उभं राहतं, नसेल जमला तर वर इटालियन मार्बल ओतूनही पडलेलंच राहतं. व्ह्यू ठरला की मगच मटेरियल, झाडं, माणसं. याने करेक्शनच्या फेऱ्या निम्म्या होतात, आणि फाइलचं नाव 'फायनल_फायनल_७' पर्यंत जात नाही. पाचपर्यंत जातं.

पहिलं चित्र असंच परत करून पाठवा, सव्वासातच्या उन्हात. मी बघते. आणि त्यात उजवीकडे ओव्हरकोट घालून, हातात कागदी कॉफी घेऊन जो गृहस्थ उभा आहे त्याला आजच घरी पाठवून द्या. मे महिना आहे.